उघड्या डोक्याचा दोष कोणाचा?

गेल्या गळीत हंगामांत आमच्या मंडळींतील एक वयस्क बंधु पहांटे डेअरीवर दूध घालावयास सायकलीनें जात होते. मोरीपुढील वळणावर मागून आलेल्या एका वाहनाचा धक्का लागून ते पडले, आणि त्याच दिवशीं दुपारीं तालुक्याच्या गांवीं त्यांचा प्राण गेला. वाहन कोणतें होतें तें कळलें नाहीं, कारण तें थांबलेंच नाहीं. सायकलीच्या दोन्ही अंगांस बांधलेल्या कॅन रस्त्याच्या कडेला पालथ्या झाल्या होत्या, व दूध धुळींत मुरून गेलें होतें. मातीच्या दिवशीं त्यांच्या ओट्यावर आम्ही सर्व बसलों असतां, अशा वेळीं नेहमीं होतें त्याप्रमाणें, बोलणें अपघाताच्या कारणांकडे वळलें. कोणी धुक्यास दोष दिला, कोणी उसाच्या ट्रॉल्यांस. शेवटीं एका शिकलेल्या व चांगल्या मनाच्या बंधूनें सुस्कारा टाकून म्हटलें, “डोक्याला हेल्मेट असतं, तर माणूस वाचला असता.” सर्वांनीं माना डोलविल्या. आम्हींहि डोलविली. दाराआड त्यांच्या पत्नी बसल्या होत्या, ह्याचें भान कोणासच राहिलें नाहीं.

चार दिवसांनीं प्रार्थनेसाठीं आम्ही त्या घरीं गेलों. उठतेवेळीं बाईंनीं विचारलें, “पाळकसाहेब, म्हणजे चूक आमच्या मालकांचीच धरायची का?” आम्हीं कांहींतरी सांत्वनपर बोलून वेळ मारून नेली; पण तो प्रश्न आमच्याबरोबर घरापर्यंत आला, आणि तेव्हांपासून घरांतच राहिला आहे. आज त्याचें उत्तर देण्याचा यत्न करावयाचा आहे. उत्तर लांबणार आहे, कारण ओट्यावरच्या त्या एका वाक्यांत निदान तीन प्रश्न गुरफटलेले आहेत. सायकल चालविणाऱ्यानें हेल्मेट घालावें काय, न घालणाऱ्यास तें घालावयास भाग पाडावें काय, आणि न घालतां जो मेला त्याच्या मरणाचा दोष त्याच्याच पदरीं बांधावा काय? पहिल्याचें उत्तर होय असें आलें म्हणजे पुढील दोहोंचेंहि आपोआप होयच येतें, असा आपणां सर्वांचा समज दिसतो. तो खरा आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं मोटारसायकलवाल्यांचें भोपळ्यासारखें जड हेल्मेट पाहिलें असेल; सायकलीचें त्याहून फार हलकें असतें. वर पातळ कवच, आंत थर्माकोलचा घट्ट दाबलेला जाड थर, वारा खेळावा म्हणून ठेवलेलीं भोकें, व हनुवटीखालीं पट्टा, एवढेंच त्याचें स्वरूप. अंडें दगडावर पडलें तर फुटतें, भुशाच्या पाटींत पडलें तर बहुधा वाचतें. कारण भुसा दबतो, आणि अंड्यास थांबावयास क्षणभर अवधि मिळतो. थर्माकोल तेंच करितो. डोकें रस्त्यावर आपटतांना तो स्वतः चेंगरतो, व मेंदूस बसणारा हिसका तितका कमी होतो. एकदां चेंगरलेला थर पुन्हां फुगत नाहीं. म्हणून ज्या हेल्मेटनें एक मोठा आघात सोसला, तें वरून धड दिसलें तरी टाकून द्यावें लागतें. युरोपांत ह्या हेल्मेटची कसोटी घेतांना तें सुमारें दीड मीटर उंचीवरून लोखंडी ऐरणीवर पाडितात. त्या वेळीं त्याची गति ताशीं २० किलोमीटरच्या आसपास असते. तें कशासाठीं केलेलें आहे हें ह्यावरून कळतें. खड्ड्यांत चाक अडकून, कुत्रें आडवें येऊन, वाळूवरून घसरून माणूस पडला, तर तें त्याचा कैवार घेतें. उसानें भरलेल्या ट्रॉलीपुढें त्याचें बळ फार थोडें.

स्वारांच्या डोक्यांची ही काळजी डॉक्टरांस कशी लागली, ती हकीकत सांगण्याजोगी आहे. पहिल्या महायुद्धांतील अरबांच्या उठावामुळें नांवाजलेले इंग्रज अधिकारी टी. ई. लॉरेन्स हे १९३५ च्या मे महिन्यांत इंग्लंडांत आपल्या घराजवळून मोटारसायकलीवरून जात होते. पुढें दोन मुलगे सायकलींवर चालले होते. त्यांस चुकवितांना लॉरेन्स फेकले गेले, आणि सहा दिवसांनीं वारले. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतें. त्यांस पाहावयास बोलाविलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नांवाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. तें मरण केर्न्स विसरले नाहींत. दुसरें महायुद्ध सुरू झाल्यावर निरोप पोंचविणाऱ्या मोटारसायकलस्वार शिपायांच्या अपघातांचा त्यांनीं अभ्यास केला, १९४१ सालीं तो प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ब्रिटिश सैन्यानें अशा शिपायांस हेल्मेट आवश्यक केलें. सर्वसाधारण लोकांसाठीं तसा कायदा व्हावयास १९७३ साल उजाडलें. तेव्हां केर्न्स ह्यांस जाऊन एकवीस वर्षें झालीं होतीं.

सायकलीच्या हेल्मेटविषयीं अमेरिकेंतील सिॲटल शहरीं झालेलें एक संशोधन १९८९ सालीं प्रसिद्ध झालें. हेल्मेटनें डोक्याच्या दुखापतीचा धोका ८५ टक्क्यांनीं घटतो, असें त्यांत म्हटलें होतें. हा आंकडा जगभर गाजला, आणि त्यावर वादहि तितकाच माजला. पुढें २०१६ सालीं ऑस्ट्रेलियांतील दोघां संशोधकांनीं निरनिराळ्या देशांतील ४० अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत ६४,००० हून अधिक जखमी सायकलस्वार आले. हेल्मेट घातलेल्यांस डोक्याची गंभीर इजा होण्याचा संभव सुमारें दोन-तृतीयांशांनीं कमी आढळला. पहिला आंकडा कदाचित् फुगलेला असेल. पण दोन-तृतीयांश ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. तेव्हां पहिल्या प्रश्नावर आम्ही अधिक शाई खर्च करीत नाहीं. ज्यास मिळूं शकतें त्यानें हेल्मेट घालावें.

आतां जे बंधु म्हणतात, “माझं डोकं, माझी मर्जी,” त्यांच्याकडे वळूं. हें बोलणें उनाडपणाचें आहे असें समजून हंसण्यावारी नेण्याचा मोह होतो. आमच्या लोकांपुरता तरी तो मोह आवरावा. कोणत्या विहिरीवर पाणी भरावें, कोणत्या आळींतून वहाण हातांत घेऊन जावें, कोणाच्या वाड्यापुढें सायकलीवरून खालीं उतरून चालावें, हें ज्यांच्या वाडवडिलांस दुसरे सांगत आले, त्यांस आपल्या अंगावर काय असावें तें आपण ठरवूं, ह्या हक्काची किंमत अधिक कळते. डोक्यावर काय घालावें हा हुकूम त्यांच्या कानांस नवीन नाहीं. म्हणून ते जेव्हां नव्या हुकुमावर चिडतात, तेव्हां त्यांची चीड आधीं ऐकून घ्यावी, मग उत्तर द्यावें.

ह्या पक्षाचा मोठा वकील म्हणजे जॉन स्टुअर्ट मिल हा इंग्रज तत्त्वज्ञ. १८५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या स्वातंत्र्यावरील आपल्या ग्रंथांत त्यानें एका मोडक्या पुलाचा दाखला दिला आहे. पूल धोक्याचा आहे हें ठाऊक नसलेला माणूस त्यावर पाऊल टाकूं लागला, आणि सांगावयास वेळ नसेल, तर त्यास धरून मागें ओढण्यांत त्याच्या स्वातंत्र्यावर घाला पडत नाहीं. कारण नदींत पडावें अशी त्याची इच्छाच नव्हती. पण धोका सांगून झाल्यावरहि, केवळ पडण्याचा संभव आहे, खात्री नाहीं, अशा स्थितींत तो जाऊंच म्हणत असेल, तर मिल त्यास अडवीत नाहीं. मूल असेल, किंवा भान हरपलेला असेल, तर गोष्ट निराळी. दाखला उत्तम आहे व पुष्कळ दूरवर आपल्या उपयोगी पडतो. मुलांच्या बाबतींत तर मिलच आपल्या बाजूचा आहे; दहा वर्षांच्या मुलाचें “मला नको” हें स्वातंत्र्य नव्हे, तो हट्ट आहे, आणि बापानें तो मोडावा.

आपल्या मर्जीविषयींचा अभिमान किती दिवस टिकतो, हेंहि पाहण्यासारखें आहे. १९९१ सालीं फ्रान्सांतील पॅरिस ते नीस ह्या प्रसिद्ध शर्यतींत सायकलस्वारांनीं हेल्मेटसक्तीविरुद्ध संप केला. उकडतें, जड होतें, आमचा धोका आम्ही जाणतों, असें त्यांचें म्हणणें. सक्ती मागें घेतली गेली. बारा वर्षांनीं, २००३ च्या मार्चांत, त्याच शर्यतींत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव हा स्वार पडला व दुसऱ्या दिवशीं मरण पावला. त्याचें डोकें उघडें होतें. त्याच वर्षाच्या मे महिन्यापासून शर्यतींत हेल्मेट आवश्यक झालें, आणि आज त्यावांचून शर्यतींत उतरलेला स्वार दिसत नाहीं. ज्यास ते जुलूम म्हणत होते, तें आतां त्यांस कपड्यासारखें झालें आहे.

परंतु मिलच्या दाखल्यांत एक उणें आहे. त्याचा माणूस पुलावर एकटा आहे. आमच्या खेड्यांत एकटा माणूस कोठें आहे? मोशेच्या नियमशास्त्रांत, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत, नवें घर बांधणाऱ्यानें धाब्यास कठडा करावा, नाहींतर वरून कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष घरावर येईल, अशा आशयाची आज्ञा आहे. आमच्या धाब्याच्या घरांत राहणाऱ्या वाचकांस ह्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. उन्हाळ्याच्या रात्रीं पाहुण्यांचीं मुलें कोठें निजतात हें त्यांस ठाऊक आहे. कोणी म्हणेल, कठडा दुसऱ्यांसाठीं असतो व हेल्मेट स्वतःसाठीं, मग हा दाखला लागू कसा? आम्हांसहि प्रथम असेंच वाटलें होतें. मग त्या घरीं गेलों असतां आम्हीं काय पाहिलें तें आठवलें. गाईचें कर्ज फिटावयाचें होतें. मुलगा नववींत होता, आणि शाळा सोडून कारखान्यावर जातों म्हणत होता. म्हातारी आई अंथरुणावर होती. पडला तो एक, पण धाब्यावरून खालीं किती जण आले! माणसाचें डोकें त्याच्या एकट्याचें असतें हें शहरांत कदाचित् खरें असेल. खेड्यांत तें सबंध घराचें आढें असतें. म्हणून हेल्मेट न घालण्यास आम्ही केवळ मर्जीची गोष्ट म्हणूं शकत नाहीं. ज्यास तें मिळण्याजोगें आहे, आणि जो गबाळेपणानें किंवा ऐटीनें तें खुंटीवर टांगून जातो, तो घरच्यांचें ऋण बुडवितो.

तर मग शिपाई उभा करून दंड घ्यावा काय? येथें आमचें पाऊल अडखळतें. जें जें करणें चुकीचें, तें तें सर्व दंडास पात्र करूं लागलों तर तंबाखूची पुडी आणि संतापाचा शब्द ह्यांसाठींहि चौकी बसवावी लागेल. कर्तव्य आणि सक्ती ह्यांच्यामध्यें मोठें रान आहे, आणि त्या रानांत काय घडतें तें पाहूनच सक्तीचा निर्णय घ्यावा लागतो.

१ जुलै १९९० रोजीं ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया राज्यानें सर्व सायकलस्वारांस हेल्मेट सक्तीचें केलें. असा कायदा जगांत हा पहिलाच. त्या वर्षाच्या मार्चांत तेथें १०० पैकीं ३१ जण हेल्मेट घालीत होते, पुढच्या मार्चांत ७५ घालूं लागले. डोक्याच्या दुखापती कमी झाल्या. पण रस्त्यावर उभे राहून मोजणी केली, तेव्हां सायकली चालविणारेहि कमी भरले. विशेषतः वयांत येणारीं मुलें पुष्कळ कमी दिसलीं. हेल्मेट घालण्यापेक्षां त्यांनीं सायकलच सोडली. तेव्हां दुखापती किती हेल्मेटनें घटल्या व किती सायकलस्वारच घटल्यामुळें, ह्याविषयीं विद्वानांचा वाद अद्याप चालूच आहे. आम्ही त्या वादांत पडत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, जो मुलगा सायकल सोडून घरीं बसला, तो वाचला असें कोणीं लिहूं नये.

दुसरी गोष्ट अधिक टोंचणारी आहे. ज्या सिॲटल शहरीं तें पहिलें संशोधन झालें, त्याच परगण्याच्या आरोग्यमंडळानें २०२२ च्या फेब्रुवारींत आपल्या भागांतील हेल्मेटसक्ती उठविली. हेल्मेट निरुपयोगी ठरलें म्हणून नव्हे. तें घालाच, असा सल्ला मंडळानें कायम ठेविला. सक्ती उठविण्याचें कारण हें कीं, दंडाच्या पावत्या पाहतां त्या बेघर लोकांच्या व काळ्या वर्णाच्या सायकलस्वारांच्या नांवें प्रमाणाबाहेर फाटल्या होत्या. नियम सर्वांसाठीं लिहिला होता; शिपायाची शिट्टी मात्र ठराविक माणसांसाठींच वाजत होती. हें वाचून आम्हीं आमच्या तालुक्याच्या नाक्याकडे मनानें पाहिलें. तेथें सायकलीवरून कोण जातें? वीटभट्टीचा मजूर, गवंड्याच्या हाताखालचा पोऱ्या, भाजीची पाटी नेणारी म्हातारी, शाळेंत जाणाऱ्या मुली. साहेब गाडींतून जातात. बिहार सरकारनें २००६ सालीं नववींतील मुलींस सायकलीसाठीं पैसे देण्याची योजना काढली, आणि त्यायोगें शाळेंत नांव घालणाऱ्या मुली पुष्कळ वाढल्या, हें पुढें अभ्यासानें दिसून आलें. त्या मुलीच्या वाटेंत हेल्मेटची किंमत किंवा दंडाची भीति आडवी घालावयाची असेल, तर आधीं तें हेल्मेट तिच्या हातांत फुकट ठेवावें. त्यानंतरच सक्तीचें बोलावें.

मोटारसायकलीचें प्रकरण वेगळें आहे, आणि आमच्या तरुण बंधूंनीं ह्या लेखाचा आधार घेऊन त्यांत सूट मागूं नये. आपल्या देशांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमानें दुचाकी मोटारीवर बसणाऱ्यास हेल्मेट आवश्यक केलें आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें दंड वाढविला, व परवाना तीन महिने काढून घेण्याची तरतूद केली. साध्या सायकलीस हें कलम लागू नाहीं. पगडी बांधणाऱ्या शीख बंधूंस त्यांतून वगळलें आहे, म्हणजे सुरक्षिततेहून भारी असें कांहीं माणसाच्या अंतःकरणांत असूं शकतें, हें कायदाहि मानतो. परंतु केंस विसकटतात ही सबब त्यांत बसत नाहीं. २०१९ च्या जानेवारींत पुण्यांत सक्तीची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हां सुशिक्षित नागरिकांनींच मोठा विरोध केला. त्यांचें कांहीं म्हणणें खरेंहि असेल. पण ज्यास यंत्राचा वेग हवा, त्यानें त्या वेगाची अट मानावी. सरकारी अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांत रस्त्यावर १,६८,४९१ माणसें मेलीं, आणि त्यांत हेल्मेट न घातलेलीं दुचाकीवरचीं ५०,०२९ होतीं. तीं सर्व हेल्मेटनें वाचलीं असतीं असें नाहीं. पण त्यांतील एक मोठा भाग आज जेवावयास घरीं असता. एका गाडीवर तिघे बसून, हेल्मेट टाकीवर ठेवून उपासनेस येणाऱ्या आमच्या तरुणांनीं हा आंकडा दोनदां वाचावा.

आतां तिसरा प्रश्न, ज्यासाठीं हा सर्व खटाटोप. “हेल्मेट असतं तर वाचला असता.” हेंच वाक्य अपघाताच्या आदल्या दिवशीं त्या बंधूस सांगितलें असतें तर तें प्रेम ठरलें असतें. कोणीं सांगितलें होतें? आम्हीं तर नाहीं. तो माणूस बारा वर्षें रोज पहांटे आमच्या दारावरून जात होता, आणि त्याच्या मागच्या चाकास दिवा नाहीं हें आम्हीं पाहिलें होतें. मातीच्या दिवशीं उच्चारलेलें तेंच वाक्य मात्र बोलणाऱ्याचें ओझें उतरवून मेलेल्याच्या छातीवर ठेवतें. त्याच्या डोक्यावर काय नव्हतें हें एकदां ठरलें, कीं वळणावर काय नव्हतें, ट्रॉलीच्या मागें काय नव्हतें, गाडी हांकणाऱ्याच्या मनांत काय नव्हतें, हें विचारण्याचें कारणच उरत नाहीं. शिलोहांत बुरूज कोसळून अठरा जण मेले, तेव्हां तेच अधिक दोषी होते असें लोकांनीं मानूं नये, हें प्रभूनें स्वतः सांगितलें आहे. बुरूज कोणीं बांधला होता, हा प्रश्न त्या वेळींहि कोणीं विचारलेला दिसत नाहीं.

हॉलंड देशांत तो विचारला गेला. १९७१ सालीं त्या लहानशा देशांत रस्त्यावर सुमारें ३,३०० माणसें मेलीं. त्यांत ४०० हून अधिक मुलें होतीं. आईबाप रस्त्यांवर उतरले. मुलांच्या टोप्यांविषयीं ते बोलले नाहींत. मुलांचे हे खून थांबवा, असें त्यांनीं आपल्या चळवळीस नांवच दिलें. पुढील वर्षांत सरकारनें सायकलींसाठीं निराळ्या वाटा बांधिल्या, वस्तींत मोटारींचा वेग बांधून टाकिला. आज तेथें चारांतील सुमारें एक प्रवास सायकलीनें होतो, हेल्मेट फारच थोडे घालतात, आणि तरी सायकलस्वारांसाठीं तो जगांतील अत्यंत निर्धोक देशांपैकीं एक गणला जातो. अलीकडे तेथील डॉक्टरहि वृद्धांस हेल्मेट सुचवूं लागले आहेत, हें खरें. त्यांचें बरोबरच आहे. पण आधीं वाट, मग टोपी, हा त्यांचा क्रम होता. आमच्याकडे वाट बांधण्याचें काम ज्यांचें, ते टोपीचा उपदेश फुकट करितात.

मोरीपुढील त्या वळणावर साइडपट्टी खचलेली आहे. दोन पावसाळे झाले, डांबराच्या कडेपासून खालीं वीतभर खोल उतार आहे. सायकलवाला बाजूस होऊं म्हणेल तर होणार कोठें? दिव्याचा खांब आहे, दिवा नाहीं. हंगामांत दोन-दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर जातात. मागें लाल रिफ्लेक्टर असला तर तो चिखलानें माखलेला असतो. आमच्या मंडळींतील सहा घरांचे ट्रॅक्टर ह्या वाहतुकींत आहेत. त्या सहांस आम्हीं गेल्या आठवड्यांत विचारलें. दोघांच्या ट्रॉल्यांस रिफ्लेक्टर होता. हेल्मेटवर माना डोलविणाऱ्यांत त्या सहांपैकीं चौघे होते, आणि रिफ्लेक्टरची पट्टी हेल्मेटहून पुष्कळ स्वस्त मिळते. आतां सर्वांनीं ती लाविली आहे. साइडपट्टीसाठीं अर्ज केला आहे. त्यावर वडिलांच्या व ग्रामपंचायतीच्या सह्या आहेत. उत्तर आलें नाहीं. पुन्हां जाऊं.

इतकें सर्व लिहून झाल्यावर आमच्या स्वतःच्या डोक्याविषयींहि खरें सांगितलें पाहिजे. तो नववींतला मुलगा शाळेंतच राहिला, ही देवाची कृपा, आणि बापाच्या सायकलीवरूनच तो जातो, त्याच वळणावरून. त्याच्यासाठीं आम्हीं शहरांतून हेल्मेट आणविलें. आठवड्याच्या बाजारांत तें मिळत नाहीं. तो तें गांवाच्या शेवटच्या घरापर्यंत घालतो आणि मग हॅन्डलास अडकवितो, असें ऐकलें होतें. एके सकाळीं आम्ही सायकलीवरून शेजारच्या वाडीस निघालों असतां वाटेंत तो भेटला. हेल्मेट हॅन्डललाच होतें. आम्हांस पाहतांच त्यानें तें घाईघाईनें डोक्यावर चढविलें, पट्टा लाविला, आणि मग आमच्या डोक्याच्या रुमालाकडे पाहून, अगदीं साधेपणानें विचारलें, “साहेब, तुमचं कुठं आहे?” मिल, मोशे आणि ऑस्ट्रेलिया ह्यांपैकीं कोणीहि त्या वेळीं आमच्या मदतीस आले नाहीं. हल्लीं आम्ही घालतों. उकडतें. एका वाडींतील मुलांनीं त्यास कलिंगड असें नांव ठेविलें आहे, आणि एका उपदेशक बंधूनें तें उपासनेंतहि काढूं नका असें सुचविलें. तो मुलगा आतां वळण ओलांडीपर्यंत तरी घालतो, असें दिसतें. त्यापुढचें आम्हांस ठाऊक नाहीं.

मागील मंगळवारीं आम्ही पुन्हां त्या बाईंकडे गेलों. ह्या वेळीं वेळ मारून नेली नाहीं. चूक तुमच्या मालकांची नव्हती; मागून येऊन न थांबतां गेला त्याची होती, साइडपट्टी ज्यांनीं बांधली नाहीं त्यांची होती, आणि बारा वर्षें पाहून गप्प बसलों त्या आमचीहि थोडी होती, असें स्पष्ट सांगितलें. मुलाच्या डोक्यावर हेल्मेट मात्र राहूं द्या, तें वेगळें आहे, हेंहि सांगितलें. बाई तांदूळ निवडीत होत्या. त्यांनीं मान वर केली नाहीं. थोड्या वेळानें म्हणाल्या, “ते मला तेव्हाच ठाऊक होतं, साहेब. पण त्या दिवशी ओट्यावर सगळे होते. आज तुम्ही सांगताय, तर ऐकायला मी एकटीच.”

तो ओटा पुन्हां तसाच भरविणें आमच्या हातीं नाहीं. हें पत्र मात्र त्या दिवशीं तेथें बसलेल्या बहुतेकांच्या घरीं येतें.